वाळूवरची साय

करंजपेठ, ३ डिसेंबर १९३५

काल आंबवड्याहून निघताना बाबांनी साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "इंजनेरसाहेब, पांघरूण घेतलं का?" मला नावाने हाक मारणं त्यांनी बंदच केलं आहे. नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी. गाव तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याच्या अलीकडे.

आमच्या मुंबईच्या कंपनीने इथे पाणी गाळायची योजना बांधली आहे. वर ओढ्यावर बंधारा, तिथून नळाने पाणी निवळीच्या टाकीत, तिथून वाळूच्या टाकीत, आणि वाळूतून झिरपलेलं पाणी गावठाणातल्या सहा तोट्यांना. बांधणारे बांधून गेले. आता ती चालू करायची, पाण्याची तपासणी करून घ्यायची आणि सगळं गावच्या पाणी कमिटीच्या ताब्यात द्यायचं, हे माझं काम. पुढे वर्षभर अधूनमधून येऊन देखरेखही मलाच करायची आहे. एकट्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम.

मुक्काम रतनबाईंच्या पडवीत. घरात त्या आणि त्यांची सून. रतनबाई डावा पाय ओढत चालतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, "नारू. ह्या गावात मानूस पायावरनं वळखायचा, सायेब."

५ डिसेंबर

गावाच्या खालच्या अंगाला पायऱ्यांची बारव आहे. सगळं गाव तिचंच पाणी पितं. बाया पायऱ्या उतरतात, घोटाभर पाण्यात उभ्या राहतात आणि तिथंच घागर बुडवतात. मी काठावर उभा राहून पाहत होतो. एकीच्या पायाला चिंधी होती, चिंधीत काडी, आणि काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. तो दोरा नव्हता.

भोरहून डॉक्टर आले होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. असा पाय पाण्यात बुडला की किड्याची पिलं पाण्यात सुटतात. ते पाणी जो पितो त्याच्या अंगात किडा वाढतो आणि वर्षभराने पाय फोडून बाहेर येतो. मधल्या काळात माणसाला पत्ताही नसतो. "रोज थोडा थोडा गुंडाळत काढायचा. तुटला तर पाय सडतो. हे सगळं उभ्या पाण्याचं दुखणं. वाहत्या ओढ्यात हा प्रकार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या तोट्या सुरू झाल्या की वर्ष-दोन वर्षांत नारू इथून जाईल."

मला माझ्या कामाचा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

८ डिसेंबर

बंधारा पाहायला वर चढलो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, ओढा जिथे खडकातून उगम पावतो तिथे धनगरांची वस्ती आहे. सात-आठ खोपटी, शेळ्यामेंढ्या, थोड्या म्हशी. सावळा धनगर म्हणून एक वयस्क माणूस आहे. त्याचा शब्द वस्तीत चालतो. त्याची बायको भागूबाई हिने ताकाचा गडू पुढे केला.

"ह्ये पानी खाली न्हेनार म्हनं," ती म्हणाली. "आमाला ऱ्हाईल का?"

मी हसलो. म्हटलं, "बाई, तुम्ही वर, बंधारा खाली. तुमचं पाणी कोण नेणार?"

उतरताना ध्यानात आलं, त्या वस्तीवर एकाच्याही पायाला व्रण नव्हता.

१९ डिसेंबर

दहा-बारा दिवस लिहायला सवड नाही. नळाचे सांधे गळत होते, ते पुन्हा शिशाने भरून घेतले. मदतीला कोंडिबा म्हणून इथलाच गवंडी आहे, काम पक्कं करतो. आज वाळूच्या टाकीतून पहिलं पाणी आलं. पेल्यात धरलं तर काच आणि पाणी वेगळं दिसेना. रतनबाईंनी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

२८ डिसेंबर

बर्फाच्या पेटीतून पुण्याला पाठवलेल्या पाण्याची तपासणी वाईट आली. पाणी दिसायला निर्मळ आहे, पण आत जंतू आहेत तेवढेच आहेत.

मला हे अपेक्षित होतं. नवी वाळू नुसती माती धरते. काही आठवडे पाणी वाहिलं की वाळूवर शेवाळासारखी एक साय धरते, आणि खरं गाळण ती साय करते. कॉलेजात हे घोकून घेतलं होतं. कंपनीला तार केली, आणखी महिनाभर द्या. उलट तार आली: जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात उद्घाटन, पाहुण्यांना निमंत्रणं गेली, तारीख हलणार नाही, दोष शोधा.

दोष काय शोधणार?

३० डिसेंबर

सोनबा पाटील आले होते. कमिटीचे अध्यक्ष तेच. तपासणीचं सांगितल्यावर म्हणाले, "सायेब, वर धनगरांची जनावरं पान्यात हागत्यात, मुतत्यात. मग पानी कसं ऱ्हाईल? तुमी तेवढं लिवून द्या. फुडचं कचेरीत मी बगतो."

माणूस आडदांड आहे, पण त्यांच्याही दोन्ही नडग्यांवर नारूचे व्रण आहेत. ऐन भातलावणीत दोन महिने अंथरुणावर काढले होते म्हणे. त्यांची तळमळ खोटी नाही.

२ जानेवारी १९३६

लिहून दिलं. बंधाऱ्याच्या वर जनावरं आणि वस्ती नसणे इष्ट. हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही. सायीबद्दलही एक ओळ लिहिली होती. पाटील म्हणाले, ती गावच्या डोक्यात शिरायची नाही, उगाच घोटाळा होईल. ती काढली.

माझी समजूत अशी होती की गोठे तेवढे टेकडीपलीकडे हलवतील.

११ जानेवारी

वस्तीच उठवली. कचेरीचे शिपाई आले होते. मी टाकीवर होतो, तिथून वाट दिसते. पुढे म्हशी, मागे शेळ्या, डोक्यावर बोचकी, आणि सगळ्यांच्या मागे भागूबाई, काखेत जातं घेऊन. जात्याची एकच तळी होती. दुसरी सावळाने घेतली असावी.

त्यांना गावाच्या खाली, बारवेजवळच्या गायरानात जागा दिली आहे. पाटलांना विचारलं, टेकडीपलीकडे का नाही? म्हणाले, "तितं पानी कुटं हाय? हितं बारव हाय जवळ. गाव आता तोट्यांवर पिनार, बारव मोकळी झाली. त्यांचीच सोय बगितली."

सोय बघितली हे खरंच. वाटेवर सावळा माझ्याकडे न पाहता गेला.

२३ जानेवारी

तपासणी उत्तम आली. जंतू जवळजवळ नाहीत. म्हणजे जनावरांचाच दोष होता. मनावरचं ओझं उतरलं. कंपनीला तार केली, बाबांना पत्र टाकलं.

२६ जानेवारी

उद्घाटन झालं. मंडप, तोरणं, हार. बाबा आंबवड्याहून फेटा बांधून आले होते. पाहुण्यांनी माझं नाव घेतलं तेव्हा त्यांनी शेजारच्या माणसाचा हात धरला. तो कोण हे त्यांना माहीतही नव्हतं.

तोट्या सोडल्यावर बायांची झुंबड उडाली. त्यात भागूबाई घागर घेऊन उभी होती. कोणीतरी तिला बाजूला केलं. तोट्या गावठाणच्या, गायरानच्या नव्हेत. ती थेट माझ्याकडे आली.

"सायेब, तुमी म्हनला व्हता आमचं पानी कोन न्हेनार. ते ह्येच न्हवं?"

मी म्हटलं, गायरानात सातवी तोटी बसवू. पाटलांना बोललो. त्यांनी सगळ्यांदेखत मलाच विचारलं, "इंजनेरसायेब, सातव्या तोटीला जोर पुरंल का?" हिशेबाने पुरत नाही. नळ मोठा घातला तर पुरेल. मी म्हणालो, "सध्या पुरणार नाही."

भागूबाईने घागर डोक्यावर घेतली आणि बारवेकडे गेली. तिच्यामागून वस्तीतल्या बाकीच्या बायाही गेल्या.

बाबांनी हे पाहिलं नसावं. जेवताना ते फार खुशीत होते.

भोर, १४ मे

महिनाभर भोरमध्येच होतो, नकाशांचं काम. परवा करंजपेठेला जाऊन आलो. वाळूतून पाणी मंद येत होतं. वरची साय जाड झाली की असं होतं. कोंडिबाला घेऊन साय खरवडून काढली, टाकी पुन्हा चालू केली, तपासणीला बाटली पाठवली.

२२ मे

तपासणी वाईट. डिसेंबरात आली होती अगदी तशी.

बाटली नीट धुतली गेली नसावी. उन्हाळ्यात बर्फही वाटेतच वितळतो.

११ जून

दुसरी बाटली पाठवली होती. उत्तम आली.

करंजपेठ, ६ ऑक्टोबर

सून बाळंत झाली म्हणून रतनबाईंनी पेढे ठेवले होते. म्हणाल्या, "औंदा हिच्या पायाला काय हुईल म्हनून वाट बगत व्हते. अजून कायबी न्हाई. सायेब, तुमच्या तोटीनं माजी सून उभी ठिवली." मी पेढा खाल्ला. असं ऐकायला मिळालं की बाकीचं विसरायला होतं.

पावसाळ्याच्या गढूळ पाण्याने टाकी तुंबली होती. पुन्हा साय काढावी लागली. या वेळी बाटली मी स्वतः उकळून घेतली, बर्फाची पेटी स्वतः भरली, आणि नसरापूरपर्यंत स्वतः घेऊन गेलो.

१५ ऑक्टोबर

वाईट आली.

२ नोव्हेंबर

उत्तम आली. मधल्या दिवसांत मी काहीही केलेलं नाही. फक्त साय धरली.

म्हणजे जानेवारीतही

(हे वाक्य काल इथंच सोडलं होतं. आजही पुरं होत नाही.)

४ नोव्हेंबर

बंधाऱ्यावर गेलो. वस्तीच्या जागी खोपटांची जोती तेवढी उरली आहेत. गवत कमरेइतकं वाढलेलं, आणि त्यात म्हशी. चांगल्या पंचवीस-तीस असतील, उगमाच्या खड्ड्यात बसलेल्या. गुराख्याला विचारलं, कुणाच्या? "पाटलांच्या. पावसाळ्यापास्नं हितंच हायती."

पावसाळ्यापासून म्हशी वर बसताहेत आणि परवाची तपासणी उत्तम आली आहे. पाणी साय गाळते. वर धनगर असोत की पाटलांच्या म्हशी असोत, सायीला फरक पडत नाही.

खाली येऊन पाटलांकडे गेलो. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. मी म्हटलं, "पाटील, वर जनावरं नकोत म्हणून वस्ती उठवली. तुमच्या म्हशी तिथं कशा?"

"गावाचं गवात हाय. वाया कशापायी जाऊ द्यायचं?"

"मग सावळाला परत वर जाऊ द्या. पाण्याला त्यांचा त्रास नव्हता. माझी चूक झाली, मी तसं लिहून देतो."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "सायेब, तुमीच लिवलं वस्ती नको. आता तुमीच लिवनार वस्ती चालंल. लोक म्हनतील, ह्या इंजनेराचं कंचं खरं? उद्या पानी चांगलं म्हनलासा तर कोन पिईल? बाया पुन्ना बारवंवर जातील." मग म्हणाले, "तुमास्नी तसं व्हावं वाटतं का?"

या माणसाला मी नुसता आडदांड समजत होतो.

भोर, २० नोव्हेंबर

तरीही लिहिलं. कचेरीला आणि कंपनीला, दोन्हीकडे. कचेरीचं उत्तर आलं नाही. कंपनीच्या मॅनेजरांनी भेटीला बोलावलं होतं, काल मुंबईहून परत आलो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "कोंढाळकर, योजना चालते आहे, पाणी शुद्ध आहे, गाव समाधानी आहे. ह्यात तुम्हाला दुरुस्त काय करायचंय?" मग चहा मागवला आणि पुढच्या कामाचं बोलायला लागले.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.

करंजपेठ, २१ जानेवारी १९३७

कोंडिबा वाटेतच भेटला. म्हणाला, "सायेब, गायरानात जाऊ नगा." का, ते सांगेना. मी गेलो.

सावळा खोपटाबाहेर आडवा होता. उजवी नडगी भोपळ्यासारखी सुजलेली, घोट्यापाशी चिंधी, चिंधीत काडी. पलीकडच्या खोपटात त्याचा भाऊ रायबा, दोन्ही पायांना. एका बाईच्या मनगटातून निघाला होता. भागूबाई धडधाकट आहे. तीच सगळ्यांच्या काड्या गुंडाळत फिरत होती, सावकाश, तुटू नये म्हणून श्वास रोखून.

ही माणसं गेल्या वर्षी अकरा जानेवारीला खाली आली. डॉक्टर वर्षभर म्हणाले होते. तिथे उभ्यानेच मी तो हिशेब केला.

पूर्वी बारवेत उतरणाऱ्या सगळ्या गावाच्या पायांतलं जे त्या पाण्यात राहिलं होतं, ते यांनी प्यायलं. आणि गावात यंदा दोन-चारच निघाले, तोट्यांआधी प्यायलेल्या पाण्याचे; नवा आता होणार नाही.

म्हशी ओरडत होत्या. चारायला न्यायला माणूस नव्हता.

"आमच्यात कुनालाच कदी झाला न्हवता," भागूबाई म्हणाली. "हितली हवाच वंगाळ."

मला तिला सांगता आलं असतं की हवा नव्हे. मी विचारलं, पाणी गाळून पिता का? ती म्हणाली, लुगडं जुनं आहे, गाळण्याजोगं राहिलेलं नाही. मी माझं धोतर फाडून दिलं, चौघडी करून दाखवली. पाच-सहा घरांना पुरलं. वर्षभरापूर्वी हे दाखवायला धोतराचा एक तुकडा पुरला असता.

२५ जानेवारी

डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी पाय पाहिले, पट्ट्या बांधल्या. परतताना बैलगाडीत म्हणाले, "वाहत्या पाण्यावर होती ना ही माणसं?"

"होती."

"मग खाली आणली कुणी?"

 

१२ फेब्रुवारी

बारवेच्या पायऱ्या फोडायच्या, काठाला कठडा बांधायचा, रहाट बसवायचा. मग पाण्यात पाय जाणार नाही आणि नारूही राहणार नाही. पाटील हो म्हणाले, इतक्या सहज की मलाच नवल वाटलं. बारवेत आता त्यांचं काही अडकलेलं नाही. माझा पगार आणि कोंडिबाचे हात, एवढ्यावर काम सुरू केलं आहे. पहिली पायरी मी फोडली. दगड जुना, घडीव. पहारीने हाताला फोड आले.

४ मार्च

रायबाचा किडा तुटला. पाय काळा पडला आहे. भोरच्या दवाखान्यात न्यायला गाडी ठरवली, रायबा नको म्हणाला. भागूबाईने आणि मी त्याला उचलून गाडीत घातलं.

९ मार्च

रायबा गेला. दवाखान्यात मी होतो, त्याच्या वस्तीचं कुणी नव्हतं. धडधाकट एक भागूबाई, ती बाकीच्यांच्या काड्या सोडून कशी येणार? त्याने दोनदा पाणी मागितलं. मी तांब्या तोंडाला लावला तर आधी वास घेऊन पाहिला, आणि मग प्यायला.

बातमी सांगायला गायरानात गेलो. सावळाने ऐकून घेतलं. "बरं झालं तुमी व्हता," एवढंच म्हणाला. हे शब्द त्याने मनापासून उच्चारले. तेच सहन होत नाही.

२ एप्रिल

रहाट बसला. कठडा पुरा झाला. काम चांगलं झालं आहे, माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं.

वस्ती उद्या निघते आहे. हिर्डोशीच्या वर, वरंध्याच्या अंगाला भागूबाईचं माहेर आहे, तिथे. अर्धी जनावरं गावातच विकली गेली. पाटलांनी घेतली.

३ एप्रिल

सकाळी निरोप द्यायला गेलो. सावळाला आणि आणखी दोघांना गाडीत बसवलं होतं, बाकीची चालत. मी भागूबाईला सांगितलं, "नव्या जागी वाहतं पाणी बघा. बारवेचं, तळ्याचं पिऊ नका. पिलंच तर चौघडी धडप्यातून गाळून." ती मान हलवत होती. मी दिलेला धडपा तिने धुऊन, घडी घालून कमरेला खोचला होता.

मग ती म्हणाली, "सायेब, एक इचारू?"

"विचारा."

"आमी खाली आल्यावर वरचं पानी चांगलं झालं का?"

गाडीवाला बैलांना पाणी दाखवून परत येत होता. सावळाही माझ्याकडे पाहायला लागला.

मी म्हणालो, "झालं."

"मंजी आमी व्हतो म्हनून खराब व्हतं."

मी सावळाच्या पायाखालची गोणपाटाची घडी सरळ केली.

"न्हाई, मला वाटलं उगाच उठवलं का काय," ती म्हणाली. "यांला रोज म्हनते, गावाची लेकरं तरी चांगलं पानी पित्यात. रायबाभाऊजींच्या जान्याला कायतरी कारन झालं." तिने सावळाकडे वळून सांगितलं, "बगा, सायेबबी तेच म्हनत्यात."

सावळाने मान हलवली. गाडी निघाली. ओढ्याच्या उतारावर ती थोडी रुतली, तेव्हा मी आणि कोंडिबाने मागून जोर लावला. पलीकडच्या काठावर भागूबाईने वळून आम्हाला हात जोडले, आणि मीही जोडले.